सह्याद्रीत हॅमॉक टांगायचा तर

"गडावर झाडं आहेत कुठे?" हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायची कापडी झोळी, घ्यायचा विचार ट्रेकच्या ग्रुपमध्ये बोलून दाखवला तेव्हा पहिला शेरा हा आला. शेरा अगदी रास्त. साल्हेरचा माथा घ्या नाहीतर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, तिथे हॅमॉक टांगायचा तो वाऱ्याला का? गडावरच्या मुक्कामाला देऊळ आहे, गुहा आहे. तिथे मी आजही मॅटच अंथरतो. मला हॅमॉक हवा होता तो मधल्या जागांसाठी. घाटवाटेच्या पायथ्याची वाडी, गडाखालचा झाडोरा, कोकणातली आमराई. या ठिकाणी झाडं उदंड, पण तंबू लावायला सपाट, कोरडी, बिनदगडाची जागा शोधता शोधता अंधार पडतो.

आधी परवानगीचं उरकून टाकतो, कारण त्यावर पुढचं बरंच काही ठरलं. भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे रात्र काढता येत नाही. कोयनेतल्या वासोटा किल्ल्याहून तर संध्याकाळच्या आत परतावंच लागतं. म्हणजे माझे मुक्काम बहुतेक मालकीच्या जागेत, वाडीजवळ, घरधन्याला विचारून. देवराईत कधीच नाही. तिथली वाळलेली काडीसुद्धा लोक उचलत नाहीत, आणि आपण जाऊन पट्टे आवळायचे हे मला पटत नाही. तेव्हा सामान ग्रॅमाग्रॅमाने हलकं करायची गरज नव्हती. पाठीवर घेऊन दिवसभर चालता आलं आणि रात्री झोप लागली की झालं.

बाजारात पहिला फरक दिसतो तो आकाराचा. दोन टोकांना लाकडी दांड्या असलेले जाळीचे हॅमॉक, जे रिसॉर्टच्या जाहिरातीत असतात, ते लगेच बाद केले. दांडीमुळे कापड सपाट ताणलं जातं, वजन वर येतं आणि कूस बदलली की माणूस खाली. मुक्कामाला हवा तो दोन्ही टोकांना चुण्या करून बांधलेला, साध्या कापडाचा. यात पाहायची मुख्य गोष्ट लांबी. दुकानात सहज मिळणारे बरेचसे हॅमॉक 260 ते 270 सेंटिमीटरचे असतात. दुपारी तासभर लोळायला तेवढे पुरतात. पण माझी उंची पाच फूट दहा इंच. एका मित्राचा तसलाच हॅमॉक उसना घेऊन पाहिला, तर आडवं झाल्यावर खांदे आत दाबले जात होते आणि पोटऱ्यांखाली कापडाची एक कडक कड येत होती. ती कड जाते लांब कापडात तिरकं झोपल्यावर. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. पाठ जवळजवळ सपाट होते. ब्राझीलमध्ये, मेक्सिकोच्या युकातान भागात लोक घरातसुद्धा हॅमॉकमध्ये झोपतात, ते असेच तिरके. त्याला लांबी हवी 330 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण अकरा फूट.

एवढा लांब हॅमॉक बाहेरून मागवायचा तर कस्टम ड्युटीसकट आकडा भलताच वर जात होता. म्हणून शिवून घेतला. कापड 70 डेनियर जाडीच्या धाग्याचं, फाटलं तरी चीर पसरू न देणारं रिपस्टॉप नायलॉन, 58 इंच पन्ह्याचं, साडेतीन मीटर. दुकानदार हमखास छत्रीचं किंवा विंडचीटरचं कोटिंग असलेलं कापड पुढे करतो, "साहेब, वॉटरप्रूफ आहे" म्हणून. ते नको असतं. त्यात पाठीला घाम येतो. ओळखायची युक्ती साधी आहे. कापड ओठांना घट्ट लावून फुंकर मारायची. हवा थोडी तरी पलीकडे गेली पाहिजे.

शिवणाऱ्या काकांचं काम गाड्यांच्या सीट कव्हरचं. हे गुळगुळीत कापड मशीनच्या दाताखालून सटकत होतं, म्हणून त्यांनी कडेला वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून शिवण मारली आणि मग कागद फाडून काढला. लांब बाजूंना दुहेरी दुमड, आखूड बाजूंना नेफा, दोरा पॉलिएस्टरचा. मी पुन्हा पुन्हा बजावत होतो की नेफ्याला तिहेरी टाका घाला, यावर माझं वजन येणार आहे. काका म्हणाले, "वजन शिवणीवर कशाला आणताय? टोक गोळा करा आणि दोरीने आवळून बांधा. शिवण नुसती नावाला." बरोबर होतं त्यांचं. चुण्या नीट जुळवून नेफ्याच्या आतल्या बाजूला दोरीचे सहा-सात घट्ट वेढे दिले की भार कापडाच्या सगळ्या धाग्यांवर वाटला जातो आणि नेफा फक्त दोरी निसटू देत नाही.

पट्ट्यांसाठी पुण्याच्या बोहरी आळीत गेलो. दोऱ्या, हार्डवेअर, ताडपत्र्या यांची दुकानं तिथे ओळीने आहेत. झाडाभोवती दोरी नको, पट्टाच हवा, निदान इंचभर रुंद. बारीक दोरी सालीत रुतते आणि कोवळ्या झाडाची साल दुखावली की झाड दुखावतं. पट्टा पॉलिएस्टरचा हवा, कारण नायलॉन वजनाखाली लांबतं, भिजल्यावर आणखीच. संध्याकाळी बेतशीर उंचीवर टांगलेला हॅमॉक पहाटेपर्यंत जमिनीला टेकतो. दुकानात मात्र सगळ्या पट्ट्यांना एकच नाव, "बॅगेचा पट्टा". तीन वेगवेगळ्या पट्ट्यांचे वीतवीत तुकडे आणून घरी बादलीत टाकले. एक तरंगला. तो पॉलिप्रॉपिलीन, घसरतो, उन्हात लवकर खराब होतो, तो बाद. बाकीचे दोन बुडाले. ओले तसेच खिडकीच्या गजाला बांधून ताणून पाहिले. जो जास्त लांबला तो नायलॉन. उरलेला घेतला, प्रत्येक झाडाला चार मीटर. एका टोकाला लूप शिवून घेतला. पट्टा झाडाभोवती फिरवून त्याच लूपमधून ओवला की झाडाचं काम झालं.

दुसऱ्या टोकाला काय लावायचं यावर इंटरनेटवर युद्धं चालतात. बकल, डेझी चेन, व्हूपी स्लिंग. मी पट्ट्यावर मार्लिनस्पाइक गाठ मारतो, तिच्यात अंगठ्याएवढी कडक काठी घालतो आणि हॅमॉकच्या दोरीचा फास काठीवर न अडकवता काठीच्या मागे, गाठीवर बसवतो. काठी नुसती गाठ धरून ठेवते. सकाळी काठी ओढली की गाठ आपोआप सुटते. कॅराबिनर वापरायचाच असेल तर गिर्यारोहणाचा, अंगावर 22 किलोन्यूटनसारखा भाराचा आकडा कोरलेला. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसली रंगीत खेळणी इथे नकोत.

हा सगळा ताफा घेऊन पहिला मुक्काम राजमाचीखालच्या उधेवाडीत केला. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले वर, आणि घरांच्या मागे आंबा-जांभळाची जुनी झाडं. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या परड्यात पट्टे बांधायला घेतले. कोणालाही वाटतं तसं मलाही हात लावल्यावर वाटत होतं की दोरी जितकी ताठ तितकी जागा सपाट. दारात तांदूळ निवडत बसलेल्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आरं बाबा, पोराची झोळी कुनी अशी ताणून बांधतं व्हय? सैल सोड की जरा."

झोळीचं गणित आजींना पक्कं ठाऊक होतं. कागदावर ते असं दिसतं: पट्टा जमिनीला समांतर रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक पट्ट्यावर येणारा ताण झोपणाऱ्याच्या वजनाइतका असतो. माझं वजन 75 किलो, तर एकेका बाजूला 75 किलो. कोन 15 अंशांवर आणला की तोच ताण 145 किलोंच्या घरात जातो, 10 अंशांवर 216 आणि 5 अंशांवर 430. सतारीच्या तारेसारखा ताणलेला हॅमॉक पट्टा तोडू शकतो, वाळकं झाड मोडू शकतो, आणि हे काही झालं नाही तरी खांदे दाबून झोप मोडतोच. कोन मोजायला ॲप लागत नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायची, तर्जनी जमिनीला समांतर धरायची. तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची तिरकी रेषा साधारण 30 अंशांची होते. पट्टा त्या रेषेत आला की पुरे.

पण दर वेळी झाडांचं अंतर वेगळं, उतार वेगळा. म्हणून हॅमॉकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून एक न लांबणारी बारीक दोरी कायमची बांधून ठेवली आहे. तिला रिजलाइन म्हणतात. तिची लांबी हॅमॉकच्या 83 टक्के ठेवायचा प्रघात आहे. माझ्या 330 सेंटिमीटरला ती 274 सेंटिमीटर होते. झाडं जवळ असोत की लांब, ही दोरी हॅमॉकला ठरलेला झोल देते. झोपल्यावर तिला दोन बोटांत धरून वाकवून बघायचं. थोडी वाकली तर ठीक. लोखंडी सळईसारखी कडक लागली तर पट्टे थोडे सैल सोडायचे. या एका दोरीने जेवढं सोपं केलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच वस्तूने केलं नाही. शिवाय टॉर्च, चष्म्याची पिशवी आणि ओले मोजे तिच्यावरच लटकतात.

झाडं साधारण चार ते पाच मीटर अंतरावरची शोधतो. पट्टा डोक्याच्या उंचीवर बांधला की बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीला येतं. खोड निदान मांडीएवढं जाड आणि जिवंत हवं. मग वर बघायचं. हॅमॉकच्या डोक्यावर वाळलेली फांदी असेल तर जागा बदलायची, वाद नाही. नारळाखाली टांगू नका हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण शहरातून आलेल्यांना सांगावं लागतं. काटेसावर, पांगारा काट्यांमुळे बाद. शेवगा ठिसूळ. बिब्ब्याचं झाड ओळखता येत नसेल तर वाडीतल्या कोणाला तरी विचारा. त्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात आणि पट्ट्याला लागलेला चीक दुसऱ्या दिवशी हाताला लागतो. आंब्याचा बुंधा टांगायला उत्तम, पण पानं एकमेकांना चिकटवून घरं करणारे लाल मुंगळे वर आहेत का ते टॉर्च मारून पाहायचं. असतील तर पट्टा म्हणजे त्यांच्यासाठी तुमच्या उशापर्यंत बांधलेला पूल.

आता थंडी. डिसेंबरात घाटमाथ्यावर पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास येतो. तंबूत ही थंडी स्लीपिंग बॅगमध्ये सहज निघते. हॅमॉकमध्ये त्याच बॅगेत माणूस कुडकुडतो, कारण अंगाखाली दाबली गेलेली रुई किंवा फायबर ऊब धरत नाही. ऊब धरते ती त्यात अडकलेली हवा, आणि तीच आपण वजनाने पिळून काढलेली असते. खालून वारा तर वाहतच असतो. हे वाचलेलं होतं, पण किती फरक पडतो ते पाहायचं होतं. एका रात्री पहिला अर्धा भाग पाठीखाली काहीच न घेता झोपलो आणि जाग आली तेव्हा फोमची मॅट आत सरकवली. छाती, पाय ऊबदार आणि कंबर ते मांड्या बर्फ, अशा अवस्थेत जाग आली होती. मॅट घातल्यावर दहा मिनिटांत झोप लागली. मात्र मॅटचीही एक कटकट आहे. ती हॅमॉकमध्ये ठरत नाही. कूस बदलली की खांद्याखालून निसटते आणि तिच्याखाली घामाचा ओलावा साठतो.

यावरचा खरा उपाय अंडरक्विल्ट: हॅमॉकच्या बाहेर, खालून टांगलेली रजई. आपलं वजन तिच्यावर येत नाही, म्हणून ती फुगलेली राहते. विकतच्या डाउनच्या अंडरक्विल्ट सुरेख असतात आणि महागही. शिवाय आपल्या दमट हवेत पिसं भिजली की गोळा होतात. मी घरातलं एक जुनं पॉलिएस्टरचं एसी कम्फर्टर घेतलं, लांब बाजूंना नेफा करून त्यातून इलॅस्टिकची दोरी ओवली, टोकं चुणली आणि हॅमॉकच्या दोन्ही टोकांना अडकवली. शिवणकाम तासाभराचं. जमवायला मात्र वेळ लागला. रजई पाठीला हलकी टेकली पाहिजे. घट्ट ओढली तर पुन्हा दबते, सैल राहिली तर मधल्या फटीतून वारा खेळतो. आत झोपून दुसऱ्या कोणाला तरी खाली हात घालून बघायला सांगायचं. फट कुठे आहे ते त्यालाच कळतं. बहुतेक वेळा टोकाशी, खांद्यांजवळ असते. जागा निवडतानाही एक पथ्य पाळतो. ओढ्याकाठची झाडं कितीही सुंदर असली तरी तिथून थोडं वर चढतो. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खोलगटात साचते.

टार्पबद्दल, म्हणजे हॅमॉकवर बांधायच्या छताबद्दल, माझं मत थोडं कडक आहे. हॅमॉकबरोबर मिळणारा चौकोनी टार्प, जो कोपऱ्यावर तिरका टांगून पतंगासारखा दिसतो, तो फोटोपुरता. सह्याद्रीतला पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही वाऱ्यासकट. आयताकृती, निदान साडेतीन मीटर बाय तीन मीटरचा टार्प हवा, ज्याची टोकं दारासारखी आत दुमडता येतील. भर जुलै-ऑगस्टात मी तरीही घरांच्या पडवीतच झोपतो. टार्प कामाला येतो तो जूनच्या सुरुवातीला, काजव्यांच्या दिवसांत, आणि परतीच्या पावसात. कापडात नायलॉनपेक्षा सिलिकॉन लावलेलं पॉलिएस्टर बरं. नायलॉन पाणी पिऊन सैल पडतं आणि मध्यरात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. बांधकामावरची निळी ताडपत्रीही चालते. ती फडफडते आणि बोजड आहे, पण गळत नाही, आणि नवशिक्याने पहिल्या पावसाला तीच न्यावी.

टार्प हॅमॉकच्या आधी बांधायचा. पाऊस आला तर बाकीचं काम आडोशाला होतं. झाडांमध्ये एक सरळ दोरी ताणायची. ट्रकवाले मालावरची ताडपत्री आवळायला जी गाठ मारतात तीच इथे सर्वात भरवशाची. त्या दोरीवर प्रुसिक गाठींनी टार्प अडकवला की तो हव्या त्या बाजूला सरकवता येतो. टार्पची रुंद बाजू वाऱ्याकडे आणि खाली. खुंट्या मी नेतच नाही. वीतभर मातीखाली मुरूम किंवा कातळ लागतो, खुंटी वाकते. त्याऐवजी कोपऱ्याच्या दोऱ्या करवंदीच्या जाळीच्या बुडाशी किंवा जड दगडांना बांधतो. पाणी पट्ट्यावरून ओघळत थेट हॅमॉकमध्ये येतं, त्यासाठी पट्ट्याला टार्पच्या आतल्या बाजूला सुती नाडीचा तुकडा बांधून खाली लोंबता सोडायचा. पाणी नाडीवरून जमिनीवर टपकतं. फुकटची वस्तू, आणि नसेल तर कंबर भिजते.

जनावरांची भीती सगळे विचारतात. जमिनीपासून वर असतो म्हणून विंचू-सापाची धास्ती कमी, हे खरं. पण चापडा हा विषारी साप झाडावरच राहतो, तेव्हा पट्टा बांधण्यापूर्वी खोडावर आणि फांद्यांवर टॉर्च फिरवायची सवय ठेवली आहे. बूट खाली ठेवत नाही, लेस एकमेकींना बांधून रिजलाइनवर टाकतो. डासांचं वेगळंच. वरून जाळी लावली तरी ते खालून, एकपदरी कापडातून पाठीला चावतात. थंडीत अंडरक्विल्ट आपोआप अडसर होते. उन्हाळ्यात मी पूर्ण हॅमॉकला गवसणीसारखी घालायची जाळी वापरतो, तळाला नाडीने आवळायची. जाळी नेहमीच्या मच्छरदाणीपेक्षा बारीक विणीची हवी, नाहीतर पहाटे येणारी बारीक चिलटं सरळ आत शिरतात.

एकदा वडील बरोबर आले होते. गुडघे दुखतात म्हणून तंबूत रांगत शिरणं त्यांना जमत नाही. हॅमॉक खुर्चीपेक्षा किंचित उंच टांगून दिला. कापड मांड्यांमागे पसरून आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे, शेवटी तिरकं व्हायचं, एवढा क्रम सांगितला. गुडघ्यांखाली जर्किनची गुंडाळी दिली, कारण तिरकं झोपताना गुडघे मागे ताणले जातात. सकाळी ते माझ्या आधी उठून चुलीजवळ जाऊन बसले होते आणि घरधन्याशी भाताच्या भावावर बोलत होते.

आवरताना टार्प सगळ्यात शेवटी काढतो आणि सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, वेगळ्या पिशवीत कोंबतो. घडी घालत नाही. घरी आल्यावर गॅलरीत दोरीवर पूर्ण वाळू देतो. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचा टार्प ओला ठेवला तर दमट हवेत त्याचा थर चिकट होतो, पापुद्रे सुटतात, वास येतो. मग त्यावर इलाज नाही. पट्टे साध्या पाण्यात धुऊन चीक आणि मुंग्या काढायच्या, शिवलेल्या लूपचे टाके बोटांनी चाचपायचे. एखादा धागा उसवलेला दिसला की पट्टा सीट कव्हरवाल्या काकांकडे जातो.